मरतूकमावशीचा शब्द

मावशीची लेक मावशीशी बोलेनाशी झाली, आणि त्याचं कारण माझ्या हातानं लिहिलेलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही, मी कारकून माणूस. जे शेवटी कळायचं ते सुरुवातीलाच कळलेलं बरं, म्हणजे मधे कुणी आशा लावून बसत नाही.

आमचं काम अंड्यांच्या फार्मवर. चार लांबलचक शेड, एकेका शेडमध्ये वीस हजार कोंबड्या, तीन मजली पिंजऱ्यांच्या रांगा. एवढे जीव एका छपराखाली म्हटल्यावर रोज काही मरणारच. सकाळी रांगांमधून फिरून मेलेल्या कोंबड्या काढायच्या, मोजायच्या आणि आकडा कळवायचा, याला धंद्यात मरतूक काढणं म्हणतात. हे काम सव्वीस वर्षं एकाच बाईनं केलं. म्हणून तिचं नाव पडलं मरतूकमावशी. तोंडावर नुसतं मावशी. मला लोक तोंडावर भाऊ म्हणत आणि पाठीमागं शुद्धलेखन. त्याला कारणही तसंच होतं. संडासाच्या दारावर ड्रायव्हरनं खडूनं ‘हात धूने’ असं लिहिलं होतं, ते मी लाल पेनानं दुरुस्त केलं होतं. हात तेव्हाही कोणी धूत नव्हतं आणि नंतरही नाही.

मावशी फार्मवर आली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती आणि कडेवर वर्षाची पोर होती. नवरा ‘आलोच’ म्हणून गेला तो गेलाच. त्याच्याबद्दल ती माझ्यासमोर एकदाच बोलली. “त्याची मरतूक मी मांडली नाही हो, भाऊ. पिंजऱ्यातून उडून गेलेली मेलेल्यांत धरत नाहीत.” एवढं बोलून तिनं डबा उघडला आणि जेवायला लागली. बाई बुटकी, अंगानं काटक, चालताना उजवा खांदा जरा खाली. मेलेल्या कोंबड्यांची बादली सव्वीस वर्षं त्याच हातात होती.

पोर फार्मच्या खोल्यांमध्येच वाढली. शाळेतून आली की आईच्या मागं रांगांमधून फिरायची. शाळेत शिकलेलं आईला शिकवायची, त्यामुळं मावशीला अक्षर अक्षर जोडून वाचता यायचं. लिहिणं मात्र सहीपुरतंच. पुढं लेक इथून आठ किलोमीटरवर दुसऱ्या फार्मवर कामाला लागली. तो पिल्लांचा फार्म. तिथं एका दिवसाची पिल्लं आणतात आणि अंड्यावर यायच्या बेतात येईपर्यंत वाढवतात. त्या वयाच्या कोंबडीला तलंग म्हणतात. तिथल्या पंधरा हजार तलंगा या पोरीनं पहिल्या दिवसापासून वाढवल्या होत्या, आणि जुन्या कोंबड्या विकून झाल्या की त्या आमच्याच चार नंबरच्या शेडमध्ये यायच्या होत्या. “लेकीनं वाढवायच्या न् आईनं सांभाळायच्या. जगाच्या उलटं चाललंय आमचं,” मावशी म्हणायची आणि स्वतःच हसायची.

पण मायलेकींची भेट व्हायची नाही. फार्मचा नियमच तसा. घरी कोंबड्या पाळायच्या नाहीत, आणि दुसऱ्या फार्मवरच्या माणसाला भेटलं तर तीन दिवस आपल्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. रोग चपलेच्या तळव्याला चिकटून जातो, केसांत बसून जातो. आमच्यातले निम्मे लोक हा नियम धाब्यावर बसवत. मावशी नाही. सुट्टी मिळायची महिन्यातून दोन, मग तीन दिवस कुठून आणायचे? चार चार महिने तिनं लेकीचं तोंड बघितलेलं नसायचं. रोज संध्याकाळी साडेसहाला मात्र फोन. माझी खोली शेजारचीच, मधे प्लायवूडचा पडदा. सगळं ऐकू यायचं.

“काय म्हणतंय तुझं?”

“बोलतंय. तुझं?”

“बोलतंय.” मग बाकीच्या गप्पा.

हे बोलणं शेडबद्दल असायचं. मावशी सकाळी शेडचं दार उघडण्याआधी पत्र्याला कान लावून उभी राहायची. आत शिरायची घाई नाही. ऐकायची. मग आत जायची, रांगा फिरायची, आणि ऑफिसच्या खिडकीशी यायची. ही खिडकीही सांगायला हवी. ऑफिसची भिंत म्हणजे सीमा. अलीकडं स्वच्छ, पलीकडं घाण. काच कायमची बंद, बोलायला तिकीटखिडकीसारखी भोकं. इकडची वही तिकडं जायची नाही, तिकडचा हात इकडच्या पेनाला लागायचा नाही. ती पलीकडं गमबूट घालून उभी राहून सांगायची, मी अलीकडं बसून लिहायचो. शेड नंबर, आकडा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. लिहिलेलं तिला काही दिसायचं नाही.

शेऱ्याच्या रकान्यात मावशीची भाषा मी लिहायचो नाही. वही साहेबांकडं जाते, त्यात ‘बोलतंय’ कसं लिहायचं? ती ‘बोलतंय’ म्हणाली की मी लिहायचो ‘सामान्य’. ती ‘भांडतंय’ म्हणाली की ‘अस्वस्थ’. सहा वर्षं मी हे करत होतो आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. उलट मॅनेजरसाहेबांनी एकदा वहीचं कौतुक केलं होतं. मॅनेजर शहरातल्या ऑफिसात बसतो. मी रोज नऊला वहीच्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवायचो, आणि तिकडून उत्तरादाखल एक अंगठा यायचा.

त्या आठवड्यात लेकीकडचा टॉवर बंद पडला होता, साडेसहाचा फोन लागत नव्हता. अशाच एका सकाळी मावशी खिडकीशी आली. एक, दोन आणि चार नंबरचं सांगून झालं. मग म्हणाली, “तीन नंबर. चौदा. गप्प आहे.”

रोज पाच-सहा असतात. चौदा जरा जास्त, पण आभाळ कोसळावं असं काही नाही. “गप्प म्हणजे?” मी विचारलं.

“गप्प म्हणजे गप्प. आवाज नाही.”

आता माझं बघा. हा शब्द तिच्या तोंडून मी सहा वर्षांत कधी ऐकला नव्हता. माझ्या यादीत तो नव्हताच. आणि महिन्याभरापूर्वी कुणीतरी तज्ज्ञ येऊन व्याख्यान देऊन गेले होते की कोंबडी जितकी निवांत तितकी अंडी जास्त. तेव्हापासून साहेबांनी भिंतीवर पाटीच लावली होती, ‘शांत शेड, भरपूर अंडी’. शिवाय गप्प हा शब्द वहीत बरा दिसत नाही. शेड काय रुसलेली सून आहे गप्प बसायला? मी लिहिलं, शांत. फोटो पाठवला. अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरचा आकडा तेवीस. “अजून गप्प आहे,” मावशी म्हणाली. “साहेबांना कळवलं ना?”

“कळवलं, मावशी. लिहून पाठवलंय.”

“मग डॉक्टर का नाही आला?”

“येतील.”

ती काचेपाशीच उभी. “मी रांगेत हाका मारून बघितल्या, भाऊ. एकीनं मान वर केली नाही.”

“मावशी, माझा चहा गार होतोय,” मी म्हणालो.

हे मी म्हणालो. दुसरं कोणी नाही. ती गेली, मी शांत असं लिहिलं आणि चहा प्यायलो. तो गार झालेलाच होता.

त्याच दुपारी ट्रक आला. तीन नंबरच्या भिंतीला लागून प्लास्टिकचे रिकामे क्रेट रचून ठेवलेले असतात. ते चढवले, वरून पाइपनं पाणी मारलं, आणि ट्रक पिल्लांच्या फार्मकडं गेला. पुढच्या आठवड्यात लेकीच्या तलंगा त्याच क्रेटमधून आमच्याकडं यायच्या होत्या. ट्रकच्या कागदावर सही माझी. मावशीनं चार महिने लेकीचं तोंड बघितलं नव्हतं, आणि मी आमच्या शेडची घाण अर्ध्या तासात लेकीच्या दारात नेऊन टाकली. तेव्हा हे अर्थात माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे वाक्य मी स्वतःला बरेचदा सांगितलंय, त्याचा उपयोग होत नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी खिडकीशी आली आणि आकडा सांगेना. “मोजता येत नाहीत,” म्हणाली. तुरे निळे पडलेले, डोकी सुजलेली, माना पिंजऱ्याच्या तारेवर टाकलेल्या. चारशेपर्यंत मोजून तिनं बादली खाली ठेवली होती. मग मात्र सगळे धावले. साहेब धावले, डॉक्टर धावले, गेटवर चुन्याची पांढरी पट्टी ओढली गेली, औषधाचे फवारे सुरू झाले. बैल गेला आणि झोपा केला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून कळलं, बर्ड फ्लू. चारही शेड रिकाम्या करायच्या.

त्या दोन दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पांढऱ्या सूटमधली माणसं आली, एकासारखं एक. ऐंशी हजार म्हणजे किती, हे आकड्यात मला रोज माहीत होतं. मावशी म्हणाली, माझ्या रांगा मीच काढून देते. ती दोन्ही पंख मिटून, अंगाशी धरून कोंबडी काढायची, म्हणजे फडफडत नाही. घाई करा म्हणून वरून ओरडत होते, सूटवाले एका एका पायाला धरून ओढत होते. मावशीनं शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत एकही तशी ओढली नाही. मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं असं तेव्हाही कळत होतं, पण आत काही हलतच नव्हतं. संध्याकाळी खड्डे बुजले. मी वहीत आकडा लिहिला आणि शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला.

मग शेडशी संबंध आलेल्या आम्हा सात जणांना फार्मच्याच खोल्यांमध्ये दहा दिवस वेगळं ठेवलं. दिवसातून दोनदा गोळी. सकाळ-संध्याकाळ नर्स दाराशी येऊन ताप बघायची. कोंबडीचा हा रोग माणसाला सहसा होत नाही, पण झाला तर सोडत नाही, असं तिनं सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. कुणीच घाबरलं नाही. घाबरायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं.

टॉवर सुरू झाला होता, पहिले दोन दिवस साडेसहाला पडद्यापलीकडं फोन वाजला. “तुझं काय म्हणतंय?” मावशी विचारायची आणि उत्तर ऐकून “बरं” म्हणायची. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. साडेसातला मावशीनंच लावला.

“काय म्हणतंय?” आणि मग फक्त तिच्याकडचंच मला ऐकू आलं. “कधीपासून?... किती?... अगं, मी... नाही ग... कुठं लिहिलंय?... असं लिहिलंय?” मग फोन खाटेवर ठेवल्याचा आवाज.

पिल्लांच्या फार्मवर तलंगा मरायला लागल्या होत्या, आणि तिथं चौकशीला आलेल्या सरकारी डॉक्टरबाईंनी सगळ्या कामगारांना आमच्या वहीच्या पानांचे फोटो दाखवले होते, त्यात लेकही होती. चौदा, शांत. तेवीस, शांत. लेक आईला काय म्हणाली ते मला पुढं कळलं. “आई, दोन दिवस तुला ऐकू आलं नाही? बहिरी झालीस का तू?” पंधरा हजार तिच्याही डोळ्यांदेखत गेल्या. त्यानंतर फोन वाजला नाही. मावशी रोज साडेसहाला फोन मांडीवर घेऊन बसायची, पडद्याच्या फटीतून दिसायचं. सात वाजले की चार्जिंगला लावायची.

पाचव्या दिवशी डॉक्टरबाई आमच्याकडं आल्या. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर लांब बसल्या, आम्ही पायरीवर. उंच, घसा बसलेला, डोळ्यांखाली काळं. किती दिवस झोपली नसेल कोण जाणे. त्यांनी वहीची झेरॉक्स काढली आणि लांबूनच मावशीला दाखवली.

“मावशी, दोन्ही दिवशी शांत असा शेरा आहे. तुम्ही तसं सांगितलंत?”

मावशी कागदाकडं बघत राहिली. ओठ हलवत तिनं वाचलं. शां-त. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. माझं तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. सहा वर्षं दुसऱ्यांचे शब्द सुधारणाऱ्या माझ्या तोंडाला कुलूप. भीती कसली होती? नोकरीची म्हणावं तर फार्मच राहिला नव्हता. लाज वाटली, दुसरं काही नाही. भित्रा माणूस आहे मी.

“लिहिलंय तसं,” मावशी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी टिपून घेतलं. मरतूक काढणाऱ्या कामगार महिलेनं दोन दिवस लक्षणं कळवली नाहीत. मोठ्यानं वाचून दाखवलं, मावशीनं लांबच्या टेबलावर जाऊन सही केली.

आठव्या दिवशी त्या पुन्हा आल्या. दोन्ही फार्मवरच्या विषाणूचा अहवाल आला होता. आमच्यातल्या एकानं विचारलं, की दोन्हीकडं एकच रोग हे कसं कळतं, आणि आला तरी कुठून? त्यांनी नीट समजावून सांगितलं, त्यांचा स्वभावच तसा असावा. “तळ्यावर पाहुणी बदकं उतरतात ना, त्यांच्या पोटात हा असतो. बदकाला फारसं काही होत नाही, पोहत राहतं. पण हा स्वतःच्या नकला काढत सुटतो, आणि तेही गलथान कारकुनासारखा. नक्कल करताना कुठंतरी एक अक्षर चुकतं. बहुतेक चुका वाया जातात. एखादी चूक मात्र त्याच्या पथ्यावर पडते. तळ्यावर त्याला नकला काढायला चार बदकं. इथं एका छपराखाली वीस हजार कोंबड्या, खेटून. त्याला रान मोकळं. मवाळ आलेला इथं जहाल होऊ शकतो.”

गलथान कारकून म्हटल्यावर दोघं-तिघं माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो. आठ दिवसांत पहिलं हसू ते.

“आणि या चुकांवरूनच त्याची वंशावळ मांडता येते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्या तीन नंबरमधला आणि तिकडच्या पिल्लांमधला, एका अक्षराचा फरक आहे. म्हणजे तुमच्याकडची आई न् तिकडची लेक. तारीखही जुळते. क्रेट गेले तो दिवस.”

मावशीची लेक तिकडं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी दुसरे शब्द वापरले असते. मावशी “हो” म्हणाली, उठली आणि खोलीत गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

त्या संध्याकाळी साडेसहाला मी पडद्याला तोंड लावून म्हणालो, “मावशी, तुम्ही शांत म्हणाला नव्हतात. गप्प म्हणाला होतात. दोन्ही दिवस. शांत मी लिहिलं.”

पलीकडं खाट करकरली. मग, “भाऊ, झोपा.”

“अहो, संध्याकाळचे साडेसहा वाजलेत, झोपा काय! मी खरं सांगतोय. मला वाटलं गप्प म्हणजे शांतच. बरा शब्द म्हणून घातला.”

“तुम्ही कशाला चुकीचं लिहाल? संडासाच्या पाटीतली चूक तुम्हाला खपत नाही.”

“मावशी...”

“माझं मन राखायला खोटं बोलू नका. कान गेला असेल माझा. सव्वीस वर्षं पंख्यांच्या घरघरीत काढली, जाणारच की कधीतरी. गप्प असं ऐकलं असेल मी, आणि तोंडातून शांत गेलं असेल. नाहीतर लिहिलं कसं जाईल?”

मी पडद्यावर हात आपटला. ओरडलो सुद्धा. मला एवढा राग आयुष्यात आला नसेल, आणि तो कुणावर ते कळत नव्हतं. ही बाई माझ्या अक्षरावर स्वतःच्या कानापेक्षा जास्त विश्वास ठेवत होती. तो विश्वास मीच कमावलेला, दुसऱ्यांच्या चुका काढून काढून.

“जेवलात का?” मावशीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेतला आणि लिहिलं: ती गप्प म्हणाली. मी शांत लिहिले. दुसऱ्या दिवशीही ती गप्प म्हणाली आणि डॉक्टर का आला नाही असे तिने विचारले. मी पुन्हा शांत लिहिले. खाली सही. दुपारी डॉक्टरबाई पुन्हा आल्या, त्यांनी वाचलं.

“का पण?”

“बरं दिसत नव्हतं,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शिव्या देतील असं वाटलं, बरं वाटलं असतं. पण थकलेली बाई. त्यांनी कागद टाचला. “मावशींचं नाव यातून निघेल. तुमचं येईल.”

“येऊ द्या.”

मग मी लेकीला फोन लावला. तिलाही तिकडं वेगळं ठेवलं होतं. मी सांगून टाकलं, एका दमात, कुठं थांबलो नाही.

“काका,” ती म्हणाली, “आई गप्प कधी म्हणते माहितंय तुम्हाला? माझ्या आठवणीत दोनदा. एकदा उन्हाळ्यात पंखे बंद पडले होते, एकदा खाद्याला बुरशी आली होती. दोन्ही वेळा दार उघडायच्या आधी म्हणाली होती. त्या वेळचे मॅनेजर अर्धवट जेवणावरून उठून धावले होते. गप्प म्हणजे धावा. आणि तुम्ही...”

“हो.”

“मी तिला बहिरी म्हणाले. माझ्या तोंडानं म्हणाले मी, काका.” मग तिनं मला जे काही ऐकवलं ते मी लिहीत नाही. त्यातला एकही शब्द मी बदलला नसता.

आमचे दहा दिवस संपले, कुणाला ताप आला नाही. तिचे चार दिवसांनी संपले, आणि ती त्याच दिवशी आली. आता भेटायला कुणाची हरकत नव्हती. इकडून तिकडं नेण्यासारखं दोन्हीकडं काही उरलंच नव्हतं. मावशी पायरीवर बसून गमबूट धूत होती. कुणासाठी धूत होती देव जाणे. लेक तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिचे ओले हात धरले.

“आई, तू गप्प म्हणाली होतीस. काकांनी चुकीचं लिहिलं. कबूल केलंय त्यांनी, लिहून दिलंय सरकारी डॉक्टरला.”

मावशीनं माझ्याकडं बघितलं. राग नाही, काही नाही. अनोळखी माणसाकडं बघावं तसंही नाही. “भाऊ भला माणूस आहे,” ती लेकीला म्हणाली. “माझ्यासाठी स्वतःवर घेतलं त्यानं.”

“भला कसला! आई, ऐक ना. तू हाका मारल्यास, एकीनं मान वर केली नाही, आठवतंय ना तुला?”

“ते आठवतं की.”

“मग? अशा शेडला तू शांत म्हणशील?”

मावशीनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, रांगेत एखादी कोंबडी जिवंत आहे की नाही बघताना करायची तसा. मला वाटलं, आठवेल. आत्ता आठवेल.

“म्हणायला नको होतं,” ती म्हणाली. “तेच तर. गप्प होतं आणि मी शांत म्हणाले.”

लेकीनं माझ्याकडं बघितलं. तुम्ही काहीतरी बोला, असं. माझ्याजवळचं सगळं बोलून झालं होतं, लिहूनही झालं होतं. लेकीला रडू फुटलं. “मी तुला बहिरी म्हणाले ग, आई. मला माफ कर.”

मावशीनं हात सोडवून घेतले, कपड्याला पुसले, आणि तिच्या पाठीवरून फिरवायला लागली. “उगी,” ती म्हणाली. “उगी. बरोबरच बोललीस की तू. तुझी पंधरा हजार माझ्या कानानं खाल्ली, आणि माफी तू मागतेस होय ग?”